वाहत्या कानात तेल नको

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा साडेचार वर्षांचा मुलगा सर्दीनंतर रात्रभर कान धरून रडला. आजीनं लसणाचं कोमट तेल सोडलं. सकाळी उशीवर पू दिसला अन् रडणं थांबलं. घरच्यांना वाटलं, कान फुटला, सुटलो एकदाचे.

पण ठणका थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. आत साठलेल्या पुवानं पडद्याला छिद्र पडलं, दाब कमी झाला, एवढंच. हे छिद्र बऱ्याचदा आपोआप भरतं. पण कान वाहतच राहिला तर ऐकू येणं कमी होतं.

नाकाच्या मागून कानात एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचे जंतू लवकर कानात पोचतात. बाळाला आडवं निजवून बाटलीनं दूध पाजणं, घरातला चुलीचा, विडीचा धूर यांनीही त्रास वाढतो.

बोलता न येणारं बाळ कान ओढतं, किरकिर करतं, दूध नीट पीत नाही, ताप येतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक दिलं, तर बरं वाटलं तरी मधेच सोडू नका.

कान वाहत असेल तर स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळा. ती कानाच्या तोंडाशी हळूच धरा, ओली झाली की काढून नवी घ्या, कोरडी निघेपर्यंत. असं दिवसातून तीनदा. वात कानात ठेवू नका. तेल, दूध, काडी, हेअरपिन काहीही आत घालू नका. अंघोळीचं पाणी जाऊ देऊ नका.

कानामागं दुखरी सूज, मान ताठ, तोंड वाकडं, झटके किंवा सुस्ती दिसली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. चौदा दिवसांपेक्षा जास्त कान वाहिला तर घाटीत कान-नाक-घसा विभागात दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालआरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगा.

त्या मुलाचा कान तीन महिने वाहिला. "हाक मारली तरी बघत नाही, हट्टी आहे," असं सगळे म्हणायचे. अंगणवाडीताईंनी ओळखलं, की त्याला ऐकूच येत नाही. उपचार झाले, आता तो पहिल्या हाकेला ओ देतो. आपलं लेकरू ऐकत नाही म्हणून रागावण्याआधी, त्याला ऐकू येतं का, ते बघा.