बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत

डिसेंबरच्या पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांच्या पिकअप गाड्यांची रांग लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून रात्रीच माल भरून आलेल्या या गाड्यांपैकी एखादी, माल उतरल्यावर सेल्फच घेत नाही. किल्ली फिरवली की नुसता टक्‌ टक्‌ आवाज, डॅशबोर्डवरचे दिवे मलूल, आणि चार जण धक्का मारायला पुढे. "थंडीनं बॅटरी बसवली," असा निकाल तिथल्या तिथे लागतो. नागपुरात बॅटरीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

थंडी फक्त दुखणं उघडं पाडते. बॅटरीचा जीव घेतो तो उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. बाहेर इतकं ऊन असताना बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून बसलेल्या बॅटरीचं काय होत असेल? तापमान दहा अंशांनी वाढलं की तिच्यातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आतली शिशाची जाळी झपाट्याने गंजते, पाणी उडतं, प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. तरीही जूनमध्ये गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिन हलकं फिरतं. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन जड होतं, बॅटरीची ताकदही थंडीने घटते, आणि मे महिन्यात झालेला घात तेव्हा दिसतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे अर्धमेली बॅटरी टिकणं कठीणच.

त्यातून डिझेल इंजिनाची भूक मोठी. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवावी लागते की डिझेल आपोआप पेटावं. पेट्रोल इंजिनापेक्षा हा दाब बराच जास्त, म्हणून सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर आणि पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त करंट लागतो. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडीची बॅटरी स्वस्तात मिळाली म्हणून पिकअपला बसवणं त्यामुळेच महागात पडतं.

मग जितके आकडे मोठे तितकी बॅटरी चांगली का? तसंही नाही. बॅटरीवर सीसीए हा आकडा असतो. उणे १८ अंशांना बॅटरी तीस सेकंद किती करंट देऊ शकते, ते तो सांगतो. नागपुरात तशी थंडी कधीच पडत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला सीसीए मिळालाच पाहिजे, पण त्याच्या दुप्पट आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. त्याच डब्यात जास्त करंट हवा तर पातळ प्लेटा जास्त संख्येने कोंबाव्या लागतात, आणि पातळ प्लेट उन्हात लवकर गंजते. नागपूरच्या गाडीला जाड प्लेटांची, उष्णता सोसणारी बॅटरी जास्त उपयोगाची.

याच्या अगदी उलट भीतीही ऐकू येते. "भाऊ, मोठी बॅटरी टाकली तर डायनमो जळते." हे चूक आहे. अल्टरनेटर म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये डायनमो म्हणतात, तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब धरून ठेवतो; बॅटरी आपल्या गरजेपुरताच करंट ओढते. ६५ अँपिअर-तासाच्या जागी ७५ ची बॅटरी ट्रेमध्ये नीट बसत असेल, क्लॅम्प घट्ट लागत असेल आणि प्लस-मायनसची बाजू जुळत असेल, तर काही बिघडत नाही. बाजू मात्र नक्की पाहावी. कोडच्या शेवटी एल किंवा आर असतं ते त्याचसाठी. बाजू उलटी आली की केबल ताणून बसवली जाते, आणि ताणलेली केबल खडबडीत रस्त्यावर घासून शॉर्ट होते.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला लावण्याचा उद्योग तर सोडूनच द्यावा. ती ट्यूब्युलर प्लेटांची, तासन्‌तास थोडा थोडा करंट देण्यासाठी बनवलेली असते. सेल्फला हवा असतो क्षणभराचा प्रचंड धक्का. क्षमता दीडशे अँपिअर-तास असली तरी हे काम तिचं नव्हे.

पाणी कमी झालं की थोडं ॲसिड ओतायचं, ही खोड अजून गेलेली नाही. उडतं ते फक्त पाणी. आम्ल आतच राहतं. वरून आणखी ॲसिड घातलं की मिश्रण तीव्र होऊन प्लेटा खातं. उष्ण प्रदेशासाठी भरलेलं आम्ल मुळातच सौम्य, १.२४ घनतेच्या आसपास ठेवतात, आणि त्यामागे हेच कारण आहे. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी त्याची जागा घेत नाही, कारण त्यात क्षार उरतात. आणि 'मेंटेनन्स फ्री' लिहिलेल्या बॅटरीचेही टर्मिनल साफ करावेच लागतात.

सगळ्यात घातक सवय म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनमो तपासणं'. जुन्या, साध्या डिझेल गाड्यांत हे खपून गेलं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा सगळा कारभार ईसीयू पाहतो. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि नव्या बॅटरीच्या कितीतरी पट महाग असलेला ईसीयू जळू शकतो. कुणी मेकॅनिक पाना घेऊन चालू गाडीच्या टर्मिनलला हात घालू लागला, तर त्याला तिथेच थांबवावं.

खरी तपासणी लोड टेस्टरने होते. मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी ठणठणीत, असा समज करून घेऊ नये. टेस्टरचे दोन चिमटे लावून बटण दाबलं की आतली कॉइल लाल होते, काटा खाली येतो आणि एकतर ठाम उभा राहतो किंवा घसरत जातो. चांगली बॅटरी पंधरा सेकंद ९.६ व्होल्टच्या वर तग धरते. घसरला तर बॅटरी संपली. नाही घसरला, तर दोष दुसरीकडे आहे: इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली, टर्मिनलवर पांढरी पूड, अल्टरनेटरचा पट्टा सैल. यातलं काहीच न पाहता नवी बॅटरी घेणाऱ्याचे पैसे वाया जातात, कारण त्या दोषाने नवीही वर्षभरात बसते.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख पाहावी. नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानात पडून राहिलेली बॅटरी न वापरताच कमजोर होते. वॉरंटीचे ४८ महिने म्हणजे बहुधा ४८ महिने फुकट बदली नव्हे. अनेकदा निम्मा काळ बदलून मिळते आणि उरलेल्या काळात फक्त किमतीत सूट. कार्ड दुकानातच भरून, शिक्का मारून घ्यावं.

आणि जुनी बॅटरी? तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतं. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारात दिली, तर अनेकदा कुठल्या तरी गल्लीत फुटते; ॲसिड नालीत जातं आणि शिशाचा धूर आसपासच्या मुलांच्या छातीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतानाच जुनी अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्यावी.