जुन्या ट्रकच्या इंजिनाची हवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळेगाव–चाकण रस्त्यावरील महाळुंगे परिसरातल्या कारखान्यांना पत्र्याची कॉइल, ओतीव भाग आणि पॅकिंगचे सामान पोचवणाऱ्या वाहनांत यांत्रिक पंपाचे जुने ट्रक आणि टेम्पो अजूनही दिसतात. टाटा ४०७ वर अनेक वर्षे बसवले गेलेले चार सिलिंडरचे ४९७ इंजिन आणि मोठ्या ट्रकांतील सहा सिलिंडरचे ६९७ इंजिन ही या पिढीची ठळक उदाहरणे आहेत. अशा इंजिनाचा जोर उतरला, धूर वाढला किंवा ॲव्हरेज घसरले की 'हवा मोकळी करा' हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. त्यानुसार मूळ एअर क्लीनर काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला जातो, पाइप जाड केला जातो, क्वचित टर्बोही जोडला जातो. या बदलांमागे असलेल्या समजुती तपासून पाहिल्या, तर जुन्या इंजिनाला बहुधा जास्त हवेची नव्हे, तर स्वच्छ, थंड आणि गळतीविना पोचणाऱ्या हवेची गरज असल्याचे दिसते.

पहिला गैरसमज असा की हवा वाढली की ताकद वाढते. ही समजूत पेट्रोल इंजिनावरून आलेली आहे, कारण तेथे ॲक्सिलरेटर हवेचा मार्ग उघडतो आणि इंधन त्या हवेच्या प्रमाणात दिले जाते. जुन्या डिझेल इंजिनात मात्र हवेच्या मार्गात अशी झडप नसते. सिलिंडर दर वेळी मिळेल तितकी हवा ओढतो आणि ॲक्सिलरेटर केवळ पंपातून जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण ठरवतो, म्हणून पंप तेवढाच ठेवून हवा वाढवली तर ती वाढीव हवा जवळजवळ न वापरता सायलेन्सरमधून बाहेर पडते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे एक लिटर डिझेलमागे किमान दहा हजार लिटर हवा. प्रत्यक्षात धूर टाळण्यासाठी इंजिनाला याहून बरीच अधिक हवा मिळेल अशीच रचना केलेली असते.

मग उघडा फिल्टर बसवल्यावर गाडी हलकी चालू लागल्याचे अनेक चालक सांगतात, ते खोटे असते काय? बहुतेक वेळा ते खरे असते, पण श्रेय चुकीच्या वस्तूला दिलेले असते. जुना फिल्टर तुंबलेला असताना इंजिनाला जळणापुरतीही हवा मिळत नसते आणि त्यामुळे चढावर काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि डिझेल वाया जाते. अशा वेळी मूळ मापाचा नवा फिल्टर घातला असता तरी नेमका हाच फरक पडला असता.

यातील हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फिल्टर हवेला किती अडवतो हे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात आणि त्याला अवरोध म्हणतात. टर्बो असलेल्या ट्रक इंजिनांसाठी सुमारे ६३५ मिलिमीटर, म्हणजे २५ इंच, आणि टर्बो नसलेल्यांसाठी सुमारे ५१० मिलिमीटर इतका अवरोध आला की फिल्टर बदलावा, ही प्रचलित मर्यादा आहे. चाकणच्या उंचीवर वातावरणाचा दाब याच मापात साडेनऊ हजार मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे उघड्या फिल्टरने अवरोध १०० मिलिमीटरने कमी केला, तरी हवा जेमतेम एक टक्का वाढते. उलट तो फिल्टर इंजिनाशेजारी उघडा राहिल्यास बाहेरच्या ३० अंशांऐवजी ६० अंशांची तापलेली हवा आत जाते आणि हवा तापली की विरळ होत असल्याने तिचे वजन सुमारे नऊ टक्के घटते. एक टक्का मिळवण्यासाठी नऊ टक्के घालवण्याचा हा सौदा आहे. मूळ रचनेत हवेचे तोंड केबिनच्या मागे उंचावर दिलेले असते, ते थंड आणि त्यातल्या त्यात कमी धुळीची हवा मिळावी म्हणूनच. रेडिएटरमागची गरम हवा तिथे पोचत नाही आणि चाकांनी उडवलेला धुरळाही तेथे विरळ असतो.

खऱ्या अर्थाने सुधारणेला वाव आहे तो ऑइल बाथ एअर क्लीनर असलेल्या फार जुन्या गाड्यांत. ऑइल बाथमध्ये हवा खाली येऊन तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकते. ही पद्धत धुळीचा ९५ ते ९८ टक्के भाग अडवते, तर चांगला कोरडा कागदी फिल्टर ९९.५ टक्क्यांहून अधिक अडवतो. हा फरक दोन-चार टक्क्यांचा वाटतो, परंतु इंजिनाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते निसटलेल्या धुळीला: एक किलो धुळीमागे ऑइल बाथमधून २० ते ५० ग्रॅम धूळ आत जाते आणि कागदी फिल्टरमधून पाच ग्रॅमहून कमी. शिवाय इंजिन मंद फिरत असताना हवेचा वेग कमी असल्याने ऑइल बाथची पकड आणखी ढिली पडते, आणि तासन्‌तास कारखान्याच्या गेटवर चालू इंजिनाने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे विशेष लागू पडते. तेल खुणेच्या वर भरल्यास धूळ अधिक पकडली जाते, हा समज तर धोकादायक आहे, कारण जादा तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंधनासारखे जळते आणि इंजिन चालकाच्या ताब्याबाहेर जाऊन बेफाम फिरू शकते.

कोरडा फिल्टर निवडताना त्याचे माप इंजिनाच्या गरजेवरून ठरवावे लागते. ६९७ इंजिनाचे आकारमान ५,६७५ घनसेंटिमीटर असून चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा भरली जाते. २,४०० फेऱ्यांवर आणि ८५ टक्के भरण धरून ते मिनिटाला सुमारे ५,८०० लिटर हवा ओढते. याहून कमी क्षमतेचा फिल्टर लवकर तुंबतो. बाहेर मुख्य आणि आत दुय्यम असे दोन फिल्टर असलेली, खाली धूळ टाकणारी रबरी चोच असलेली डबी या पट्ट्यातील धुळीला योग्य ठरते.

काळा दिसणारा फिल्टर निकामी झाला, म्हणून तो रोज झटकावा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावा, ही सवय सर्वांत अधिक नुकसान करते. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची बारीक धूळ अडवू लागतो, त्यामुळे काही काळ वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा अधिक चोख काम करतो. गॅरेजमधील कॉम्प्रेसरचा दाब साधारणपणे सात-आठ बार असतो, तर कागदाला दोन बारच्या आसपासचा दाब, तोही आतून बाहेर आणि अंतर राखून दिलेला, सोसतो. त्याहून जोराने फुंकल्यास घड्यांच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरला की ती प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. टायरवर आपटल्याने कडा वाकतात आणि रबरी बैठक नीट बसत नाही. दुय्यम फिल्टर तर कधीच साफ करू नये, तो फक्त बदलायचा असतो. फिल्टर केव्हा बदलावा हे रंगावरून न ठरवता अवरोध दाखवणाऱ्या छोट्या दर्शकावरून ठरवावे. मर्यादा आली की त्याच्या खिडकीत लाल पट्टी दिसते.

फिल्टर उत्तम असला की काम झाले, हेही खरे नाही. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला होज पाइप चिरला असेल किंवा त्याची क्लिप ढिली असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते. महाळुंगे-चाकण भागातील धुळीत सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची भुकटी मोठ्या प्रमाणावर असते आणि खडी, क्रश सँड व बांधकामामुळे तिच्यात भर पडते. बेसाल्टमधील फेल्डस्पार हे खनिज लाइनरच्या बिडाहून कठीण असते, आणि त्याचे काही मायक्रॉन आकाराचे कण रिंग व लाइनरमधील तेलाच्या पापुद्र्यात शिरून दोन्ही घासतात. त्यानंतर ऑइल खाणे, ब्रीदरमधून धूर येणे आणि शेवटी लाइनर-पिस्टनचे काम काढणे हा क्रम ठरलेला असतो.

काळा धूर म्हणजे हवेची टंचाईच, हा समजही अपुरा आहे. गळणारे नोझल, जास्त उघडलेला पंप किंवा टर्बोनंतरच्या होजमधील गळती यांनीही तोच धूर येतो. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांना पीयूसी चाचणीत ६५ हार्ट्रिज एककांची धूरमर्यादा लागू आहे, आणि पंपाचा स्क्रू फिरवून ताकद वाढवलेली गाडी ती सहज ओलांडते.

टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो जोडणे ही सुधारणा नसून इंजिनच बदलणे होय. कारखान्यातून टर्बोसह येणाऱ्या इंजिनात कॉम्प्रेशनचे प्रमाण, पिस्टन, तेलाचा पुरवठा आणि पंप हे सर्व त्या हिशेबाने ठरवलेले असते. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ प्रतीचा फिल्टर, होज आणि क्लिप बदलणे ही मात्र निव्वळ देखभाल आहे.

म्हणून हवेच्या मार्गावर खर्च करण्याआधी जुन्या ट्रकच्या मालकाने फिल्टरच्या पुढचा पाइप सोडवून त्याच्या आतून पांढरे फडके फिरवून पाहावे. फडक्यावर धूळ आली, तर आधी गळती शोधून होज आणि क्लिप बदलाव्यात. फडके स्वच्छ निघाले, तर अवरोधाचा दर्शक बसवून मूळ एअर क्लीनर तसाच राहू द्यावा.