जिदहफ्समध्ये फिन्निश शिकताना
फिन्निशमधले पर्यावरणाचे शब्द लांबलचक दिसतात, पण मराठी माणसाने बिचकायचं कारण नाही. बहुतेक सामासिकच आहेत. 'इल्मास्तो' म्हणजे हवामान, 'मूतोस' म्हणजे बदल. मध्ये षष्ठीचा 'न' आला की झाला 'इल्मास्तोनमूतोस'. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

प्रत्ययही परके वाटत नाहीत. 'मेत्सॅ' म्हणजे जंगल, 'मेत्सॅस्सॅ' जंगलात, 'मेत्सॅस्तॅ' जंगलातून. 'लुओन्तो' (निसर्ग) मात्र प्रत्ययाआधी रूप बदलतो आणि 'लुओन्नोस्सा' होतो. आपल्या सामान्यरूपाचाच हा खोडकर चुलतभाऊ.

जंगलांचे आणि बर्फाचे शब्द बहरीनमधल्या जिदहफ्समध्ये वापरणार कुठे? त्यापेक्षा 'सुओलानपोइस्तो' आधी शिकावा: 'सुओला' मीठ, 'पोइस्तो' काढून टाकणं. बहरीनमध्ये नळाला येणारं पाणी मुख्यतः मीठ काढलेलं समुद्राचंच असतं. 'तूली' (वारा) आणि 'वोइमा' (शक्ती) मिळून 'तूलिवोइमा', पवनऊर्जा. त्यासाठी जवळच्या मनामातलं वर्ल्ड ट्रेड सेंटर पाहून यावं. २००८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दोन मनोऱ्यांमध्ये ३ पवनचक्क्या आहेत.

माझा आवडता शब्द 'पान्त्ती', म्हणजे अनामत. फिनलंडमध्ये शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन दुकानातल्या यंत्रात टाकला की १५ सेंट परत मिळतात.