प्रौढांचे धंदेशिक्षण आणि बोलती चित्तरकथा

धंदेशिक्षणाच्या वर्गात गोष्टीला काय काम, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीत मला हटकून विचारला जातो. विचारणाऱ्यांचा रोख उघड असतो. बाईला ब्लाउज शिवता आला, पुरुषाला घराची वायरिंग करता आली की प्रमाणपत्र द्यावे आणि मोकळे व्हावे. बाकी सारे साहित्यिकांचे चोचले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांच्यापुढे रोजच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांचा वेळ घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरीही मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी शिवणवर्ग घेताना गेली काही वर्षे मी जे पाहते आहे, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हाताला काम शिकवायचे आणि तोंड मात्र बंद ठेवायचे, असे शिक्षण दलित कष्टकऱ्याला जुन्या बलुतेदारीच्याच दारात नेऊन उभे करते. फरक एवढाच की, या खेपेस हातात प्रमाणपत्र असते.

प्रौढांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९६७ साली मुंबईत वरळीला देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. ही योजना पुढे देशभर पसरली, २००० साली तिचे नाव 'जन शिक्षण संस्थान' झाले आणि २०१८ पासून ती केंद्राच्या कौशल्य विकास खात्याकडे आहे. नावातला 'श्रमिक' गेला आणि 'जन' आला, यावर स्वतंत्र लेख होईल. निरक्षर, नवसाक्षर, मध्येच शाळा सुटलेले असे साधारण १५ ते ४५ वयाचे लोक या वर्गांना येतात. शिवण, ब्युटी पार्लर, विजेची कामे हे नेहमीचे विषय.

आता जातीचा मुद्दा. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वरखाली रचते. धंदेशिक्षणाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात पुनर्वसनाची तरतूद आहे. त्या कुटुंबातील किमान एका प्रौढ व्यक्तीला दुसऱ्या धंद्याचे शिक्षण आणि त्या काळात दरमहा किमान ३,००० रुपये विद्यावेतन मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. म्हणजे धंदा बदलण्याचा रस्ता वर्गाच्या खोलीतून जातो, हे कायद्यानेही मान्य केले. पण नवा धंदा हातात आल्यावर जुनी जात त्यात कशी शिरते, हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. ते फक्त काम करणाऱ्यालाच माहीत असते. ते त्याच्या तोंडून बाहेर कसे यावे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

'डिजिटल स्टोरीटेलिंग' नावाची जी पद्धत आहे, तिच्याकडे मी या गरजेपोटी वळले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कले येथे डेना ॲचली, जो लँबर्ट, नीना मुलेन या मंडळींनी तिला आकार दिला. पुढे २००१ ते २००८ या काळात बीबीसीच्या वेल्स विभागाने डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने 'कॅप्चर वेल्स' हा उपक्रम चालवला. गावोगावी कार्यशाळा घेऊन साध्यासुध्या माणसांकडून त्यांच्या स्वतःच्या गोष्टी तयार करून घेतल्या. स्वरूप अगदी साधे आहे. दोन-तीन मिनिटे, सुमारे अडीचशे शब्द, दहा-बारा स्थिर छायाचित्रे आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज. निवेदक भाड्याचा नाही, हीच त्यातली महत्त्वाची अट.

हे परदेशी म्हणून कोणी नाक मुरडू नये. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आदिवासी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले. पोथीतले एकेक चित्र पुढे धरायचे आणि वाद्याच्या साथीने गोष्ट सांगायची. या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पोथ्यांतून रामायण-महाभारत सांगितले जाई. सांगणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य त्या चित्रांत नसे. ते आयुष्य आपल्या वाङ्मयात यायला बराच काळ जावा लागला. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. १९८६ साली शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले. तो शब्दच मी उचलला. आमच्या वर्गात 'डिजिटल' म्हणत नाहीत, चित्तरकथा म्हणतात.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. आठ-दहा जणी रिंगणात बसतात. मी 'तुझी गोष्ट सांग' असे म्हणत नाही. तसे म्हटले की भाषण सुरू होते: मी अमुक अमुक, मला संस्थेने शिकवले, मी आभारी आहे. आणि दुःख सांगा असेही म्हणत नाही. दलित माणूस बोलायला लागला की त्याने रडूनच दाखवावे, ही अपेक्षा आपल्या आत्मकथनांच्या वाचकांनीही पुष्कळ बाळगली. तिची शिवणवर्गात गरज नाही. मी कामाबद्दल विचारते. पहिल्यांदा कात्री चालवली ती कशावर? आमच्याकडे कापड वाया जाऊ नये म्हणून आधी वर्तमानपत्रावर कापायला शिकवतात. चौथीत शाळा सुटलेली एक बाई यावर म्हणाली, "बाई, पेपर म्या कंदी वाचला न्हाई, कापला मातर लई." तिची चित्तरकथा या वाक्यापासून सुरू झाली. ते वाक्य तिचेच आहे, कोणी सुचवलेले नाही.

लिहिता न येणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. आधी बोलणे मोबाइलवर टिपायचे, ऐकायचे, नको ते काढायचे, मग पुन्हा बोलायचे. लिहून दिलेला कागद हातात दिला की ज्यांना वाचता येते त्यांचाही आवाज शाळेतल्या धड्यासारखा होतो. म्हणून कागदाऐवजी चित्रे ओळीने मांडून ठेवते. बाई चित्राकडे पाहून बोलते. आवाज आधी, चित्रांची जुळणी नंतर, हा क्रम मोडू नये. शिवणवर्गाची खोली त्यासाठी फार उत्तम, कारण कापडाचे तागे घुमारा शोषून घेतात. फक्त मशिनी आणि पंखा बंद ठेवावा लागतो, एप्रिलात हा त्याग लहान नाही. मोबाइल 'फ्लाइट मोड'वर टाकावा. ऐन रंगात घरून फोन येतोच, कारण मोबाइल बहुधा नवऱ्याचा असतो.

छायाचित्रांत चेहरा असलाच पाहिजे असे नाही. हात, टेप, उरेब पट्टी, मुंढ्यात बसवताना चुणलेली बाही एवढ्यावर गोष्ट उभी राहते. आणि यातून धंद्याचे शिक्षणही पक्के होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बाही कशी बसवली हे क्रमाने सांगायला लागले की कोणती पायरी कळली नाही ते सांगणारीलाच कळते. पावलो फ्रेरे यांनी ब्राझीलमध्ये साक्षरतेच्या कामात 'वीट', 'मजुरी' अशा श्रमिकांच्या जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात केली होती. चित्रे पुढे ठेवून आधी चर्चा, मग अक्षर. आमच्याकडे तो शब्द 'माप' निघाला.

त्याची हकीगत अशी. मापाला जुना ब्लाउज देणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत. तीत कोणाला वावगे वाटत नाही. आमच्यातील एका बौद्ध बाईने तक्रार म्हणून काही सांगितले नव्हते. गावातल्या बायका मापाचा ब्लाउज पिशवीत घालून ओट्यावर ठेवून जातात, टेप लावू देत नाहीत. अंग सुटलेले असले की नवा ब्लाउज घट्ट होतो, तो उसवून पुन्हा शिवावा लागतो, आणि त्या दुसऱ्या खेपेचे पैसे कोणी देत नाही. एवढेच तिचे म्हणणे. रिंगणातल्या एका सवर्ण मुलीने सहज म्हटले, "मला तर घरात बोलवून माप घ्यायला लावतात. चहा पण देतात."

खोलीत कोणी बोलेना. मग त्या बाईनेच विचारले, "म्हंजी माझ्याकडनंच न्हाई व्हय घेत?"

शिवाशीव टेपपर्यंत येते आणि हिशोबाच्या वहीत न मिळालेली मजुरी होऊन बसते, हे 'ग्राहकसेवा' या पाठात कुठेही नाही. रिंगणाशिवाय ते तिलाही कळले नसते, कारण तुलनेला दुसरी शिंपीण समोर नव्हती. त्या दिवशी चर्चा तिथे थांबली नाही. ती सवर्ण मुलगी दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्याशी बोलायचे की नाही, यावरून कुरबुर झाली. ती दोन दिवस चालली. मग कामाचे बोलणे निघाले. मापाच्या ब्लाउजची बाजूची शिवण आधी सोडलेली आहे का ते उलटून पाहावे, तसे असेल तर अंग वाढते आहे असे समजावे. बाजूला मार्जिन जास्त ठेवावे. अल्टर करण्याचा दर ऑर्डर घेतानाच सांगावा. हे तिच्याच चित्तरकथेत शेवटी आले, तिच्या आवाजात. दर सांगितल्यावर दोन गिऱ्हाइके तुटली, हेही तिने नंतर ऐकवले.

आता यातला धोका. एका कार्यालयाला आमच्या चित्तरकथांची कुणकुण लागली आणि मागणी आली: शेवटी बोधचिन्ह आणि आभाराचे वाक्य घाला, जातीचा उल्लेख काढा, कार्यक्रमात दाखवू. यशोगाथा हवी होती. लाभार्थ्याने हसऱ्या चेहऱ्याने योजनेची जाहिरात करावी, एवढाच आवाज प्रस्थापितांना मानवतो. मी निर्णय त्या बाईवर सोडला. तिने गावाचे नाव काढले, कारण तिला तिथेच राहायचे आहे. ओट्यावरची पिशवी मात्र ठेवली. आभाराचे वाक्य घालायला ती तयार नव्हती. तिची चित्तरकथा कार्यक्रमात दाखवली गेली नाही.

कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावे. मोर्चाच्या आदल्या रात्री असली चित्तरकथा साऱ्या गटांवर पाठवण्याचा मोह आपल्यालाही होतो, आणि गावात एकटी राहणारी ती बाई असते, आपण नव्हे. म्हणून मी एक वही ठेवते. नावापुढे तीन रकाने: वर्गापुरते, घरच्यांना, सर्वांना. खूण तिने करायची, सही किंवा अंगठा तिचा. मूळ प्रत तिच्याकडे, माझ्या मोबाइलमधली तुकडी संपली की पुसायची. खूण केव्हाही बदलता येते, हे पहिल्याच दिवशी सांगायचे आणि दर महिन्याला पुन्हा सांगायचे. आतापर्यंत तिघींनी ती बदलली. दोघींनी 'सर्वांना' खोडून 'वर्गापुरते' केले. पेपर कापणाऱ्या बाईने उलट केले, आणि मुलीला शाळेत दाखवायला एक प्रत जास्त मागून नेली.