नकोसा पहिला क्रमांक

मधल्या सुट्टीत आमच्या क्रीडांगणावरून जो गलका कानी येतो, त्यातील अर्धाअधिक एकाच प्रश्नावरून असतो : गडी बाद की नाबाद? त्रिफळा उडाला तर वाद संभवत नाही. पण धावणारा गडी रेषेच्या आत पोहोचला होता की नाही, याविषयी दोन्ही पक्षांचे डोळे निरनिराळे पाहतात. आणि मौज अशी की, प्रत्येकास आपल्याच पक्षाच्या सोयीचे दिसते! आमच्या बालवाचकांस हे सांगितले पाहिजे की, मोठ्यांच्या खेळातही हा तंटा फार जुना आहे.

नियम तसा साधा आहे. यष्टीवरील दांडी पडते त्या क्षणी फलंदाजाची बॅट अथवा शरीराचा काही भाग रेषेच्या पलीकडे जमिनीस टेकलेला असला पाहिजे. नुसता रेषेवर असून भागत नाही. शंका राहिल्यास निर्णय फलंदाजाच्या बाजूने द्यावयाचा. अडचण एवढीच की, पंचास एकाच निमिषात बॅट व यष्टी या दोहोंकडे पाहावे लागते.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात नव्वद नव्वद फुटांवर चार ठाणी असून चेंडू मारल्यावर ती क्रमाने गाठावी लागतात. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क व शिकागो येथील संघांचा सामना बरोबरीत असता शेवटच्या फटक्यावर न्यूयॉर्कच्या एका गड्याने विजयाची धाव पुरी केली. लोक मैदानात धावले. ते पाहून पहिल्या ठाण्यावरचा फ्रेड मर्कल हा अवघ्या एकोणीस वर्षांचा तरुण दुसऱ्या ठाण्यास स्पर्श न करताच परतला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू आणवून ते ठाणे शिवले. पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद ठरविले व विजयाची धाव रद्द झाली. एव्हर्सच्या हाती आलेला चेंडू खरोखर तोच होता की गर्दीत दुसराच कोणता मिळाला, यावर पुढे कितीएक वर्षे वाद माजला. सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळविण्यात आला, त्यात न्यूयॉर्कचा पराभव झाला, आणि बिचाऱ्या मर्कलला मूर्खपणाचे टोपणनाव जन्मभर चिकटले. खरे काय घडले हे दाखविणारे चित्र कोणापाशीच नव्हते.

असे चित्र कसोटी क्रिकेटच्या पंचांस प्रथम उपयोगी पडले ते १९९२ साली, आणि त्याचा पहिला फटका बसला तो आपल्याच एका मराठी मुलास. हा मुलगाही त्या वेळी एकोणीस वर्षांचाच होता. भारतीय संघ प्रथमच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला होता. डर्बन येथील पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ नोव्हेंबर रोजी, सचिन तेंडुलकर ११ धावांवर असता धाव घेण्यास निघाले आणि त्यांना अर्ध्यातून माघारी फिरावे लागले. जाँटी ऱ्होड्स यांनी चेंडू फेकला व यष्टीवरील दांडी पाडण्यात आली. पूर्वीच्या काळी पंच सिरिल मिचली यांनी तेथल्या तेथे काय तो निर्णय दिला असता. त्यांनी तो मैदानाबाहेर दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे, कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपविला. लीबेनबर्ग यांनी चित्र पुन्हा पाहिले व तेंडुलकरांना धावबाद ठरविले. चित्राच्या साक्षीवरून बाद झालेला कसोटीतील हा पहिला फलंदाज. त्याच डावात प्रवीण अमरे यांनी आपल्या पहिल्याच कसोटीत १०३ धावा काढल्या. दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. एकाच्या वाट्यास हवासा विक्रम आला, दुसऱ्याच्या वाट्यास नकोसा.

येथे कोणी म्हणेल, मग न्यायाचा प्रश्न सुटला! पण तसे झाले नाही. पुढच्याच, जोहान्सबर्गच्या कसोटीत धावबादचे अपील झाले ते याच ऱ्होड्स यांच्याविरुद्ध. पंच स्टीव्ह बकनर यांनी तिसऱ्या पंचास विचारलेच नाही व त्यांना नाबाद ठरविले. नंतर चित्रात ते बाद असल्याचे दिसून आले. पण तोवर उपाय उरला नव्हता. ऱ्होड्स यांनी ९१ धावा केल्या. आमच्या मते यात तेंडुलकरांवर अन्याय मुळीच झाला नाही. अन्याय असलाच तर तो एकास चित्र दाखवून दुसऱ्यास न दाखविण्यात होता.

शिवाय चित्र तरी सर्व सांगते काय? आमच्या अजिंठ्याच्या मुलांस हे समजावयास कठीण नाही. सतराव्या लेण्यात आकाशमार्गे जाणारा इंद्र त्यांनी पाहिला आहे. चित्रकाराने त्याच्या गतीतील एकच क्षण भिंतीवर धरून ठेविला. त्याच्या आधीचा व नंतरचा आपण मनाने भरून काढतो. दूरचित्रवाणीवरही त्या काळी एका सेकंदात पंचवीसच स्थिर चित्रे येत असत. सेकंदाला सहा मीटर धावणारा गडी दोन चित्रांच्या मधल्या अवधीत सुमारे चोवीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, पुढे सरकतो. दांडी नेमकी त्या अवधीत पडली तर चित्रही मुकेच. तेव्हा शंकेचा फायदा फलंदाजास, हा जुना नियमच तिसऱ्या पंचासही पाळावा लागतो.

तेंडुलकर २०१३ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर २०० कसोट्या व १५,९२१ धावा होत्या. डर्बनच्या त्या ११ धावाही त्यांतच मोजलेल्या आहेत. धावफलकात त्या डावापुढे एवढेच छापलेले सापडते : धावबाद, ११.