वैशाखाची वही

चाळीस वर्षे दवाखाना सांभाळताना मे महिना म्हणजे जुलाब-उलट्या, उन्हाचा तडाखा, विंचूदंश आणि लग्नसराईतील जेवणानंतरची पोटदुखी, एवढीच माझी समजूत होती. सिल्वासा सोडून वासोण्यास राहावयास आल्यापासून या महिन्याची दुसरी ओळख झाली. तिच्यासाठी मी दोनशे पानी वही केली असून सुटीत येणाऱ्या नातीने तीवर 'आबांची वही' असे ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

वहीत विशेष असे काही नाही. बहावा कोणत्या दिवशी पिवळा झाला, पहिले ताडगोळे दारावर केव्हा आले, रायवळ आंबा कधी पाडास लागला, करवंदे विकणाऱ्या बाईच्या टोपलीत पानांचा द्रोण होता की प्लॅस्टिकची पिशवी, मोहाची फळे गोळा करण्यास मुले कधी निघाली, अशा नोंदी. (ताडगोळा सालीसकट खावा की सोलून, यावर आमच्या घरी मतैक्य नाही.) सर्वांत अधिक पाने मात्र पक्ष्यांची. पहाटे पाचास चहाचा पेला घेऊन ओट्यावर बसावे आणि जो जो आवाज येईल तो टिपावा, हा माझा छंद. दिसलेल्या पक्ष्यांपेक्षा ऐकलेल्या पक्ष्यांची यादी नेहमीच मोठी असते. आमच्या वासोण्यात वनखात्याचे सिंहविहार आहे. वाऱ्याची दिशा अनुकूल असली की अंथरुणातच गर्जना ऐकू येते, तीही वहीत जाते.

डॉक्टराने असले उद्योग करावेत का, असे एका समव्यवसायी मित्राने विचारले होते. त्यास मी मुंबईचे उदाहरण दिले. १८८३ साली 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत भारतीय दोघेच होते आणि ते दोघेही मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींवर १८७९ साली पुस्तक लिहिले. पुढे सुरतेस अनेक वर्षे स्त्रियांचे रुग्णालय सांभाळणाऱ्या डॉ. रखमाबाई या सखाराम अर्जुनांच्याच सावत्र कन्या. झाडापाखरांकडे पाहणे आपल्या व्यवसायास नवे नाही. मित्र म्हणाला, "त्यांच्या वेळी पेशंट कमी असतील." असो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. कुंपणाच्या तारेवर जांभळा शिंजीर बसला होता. नात म्हणाली, "आबा, केवढा ओरडतोय हा! लिहा ना." मी पाहिले. उन्हात चकाकणारा तो इवला पक्षी चोच उघडत होता, गळ्याची पिसे थरथरत होती आणि मला काहीही ऐकू येत नव्हते. मला वाटले, पोर थट्टा करते आहे. तिने मुलाच्या मोबाईलवर बारीक होत जाणारा स्वर लावला आणि ऐकू येईनासा झाला की हात वर करा, अशी अट घातली. माझा हात वर गेला तेव्हा तिचा खालीच होता, आणि पुष्कळ वेळ खालीच राहिला.

जुनी वही काढून पाहिली. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात शिंजीर जवळजवळ रोज, त्यापुढील वर्षी सहा वेळा, नंतर एकदाही नाही. मी शेरा मारून ठेवला होता : 'शिंजीर कमी झाले. कीटकनाशके?' रोगी पक्षी नव्हता, निरीक्षक होता!

कान-नाक-घशाच्या एका तरुण सहकाऱ्याकडे जाऊन श्रवणआलेख काढला. १००० हर्ट्झपर्यंत रेषा सरळ, ३००० नंतर कडा कोसळावा तशी खाली. अंतर्कर्णातील शंखाच्या तळाशी उच्च स्वर टिपणाऱ्या केसपेशी असतात आणि शिखराकडे खर्जाच्या. वयोमानाने तळाच्या प्रथम जातात, आणि गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून भारद्वाजाचे घुमणे मला अजून स्पष्ट ऐकू येते, तांबटाची ठोकठोक येते, सिंहही येतो. गेला तो शिंजीर. सिंह ऐकू येणाऱ्या मनुष्यास आपण बहिरे होत आहोत, असे कसे वाटावे?

हे सारे मी विद्यार्थिदशेत पाठ केलेले होते. तरीही दवाखान्यात एक वारली आजीबाई दर दोन-चार महिन्यांनी येऊन सांगे, "डाक्तर, सून तोंडातल्या तोंडात बोलते." मी माझ्या भारदस्त आवाजात तिची विचारपूस करी, ती बिनचूक उत्तरे देई, आणि मी कागदावर 'कान ठीक' असे लिही. सुनेचा बारीक आवाज आणि 'स', 'श', 'फ' यांसारखी उच्च स्वराची व्यंजने तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती, शब्दांचे नुसते सांगाडे पोहोचत होते. "वय झालं आजी, सुनेशी जमवून घ्या," हा माझा उपचार. त्या घरात त्यानंतर काय झाले, हे मला ठाऊक आहे. दोन चुली झाल्या. त्यास केवळ कान कारण होता, असे मी म्हणणार नाही. पण कान मी तपासला नव्हता. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना 'लॅन्सेट' आयोगाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये केली. तोवर माझा दवाखाना आवरत आला होता.

यंदा फेब्रुवारीत मी श्रवणयंत्रे लावली. चष्म्यास कोणी हसत नाही, यंत्राकडे मात्र लोक चोरून पाहतात. मीही ते लावण्यास आठ महिने लावलेच. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची घडी मोडताना केवढा गलका झाला! फोडणीतील मोहरी, सपातांची घसट, पंख्याची कुरकूर, सौभाग्यवतींचे स्वगत (ते माझ्याविषयीच असते, हे आता कळले). यंत्र सारेच आवाज उचलते, त्यातून हवा तो निवडणे मेंदूस पुन्हा शिकावे लागते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नात आली. तिने वहीत दोन रकाने आखले, 'मी' आणि 'आबा', आणि दोघांनी एकमेकांकडे न पाहता खुणा करायच्या असे ठरविले. भारद्वाज, कोकीळ, तांबट, पावशा, दोघांचीही बरोबर. २१ मे रोजी सकाळी जास्वंदीवर शिंजीर आला. मी डोळे मिटून घेतले. कुठेतरी दूर, सुताच्या धाग्याएवढे काहीतरी सरकल्यासारखे वाटले. मी खूण केली, मग खोडली, मग पुन्हा केली.

नातीने वही ओढून घेतली, थोडा विचार केला आणि माझ्या रकान्यात लिहिले : 'अर्धा.'