डाय-कास्ट प्रतिकृतींवरील मुलामा काढणे
डाय-कास्ट प्रतिकृतींचे सुटे भाग बहुधा झामॅक या जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्यात सुमारे ४% ॲल्युमिनियम असते. चकाकीसाठी त्यांवर सामान्यतः तांबे, निकेल व क्रोमियम यांचे थर क्रमाने चढवितात. हा मुलामा काढणे अवघड ठरते, कारण जस्त उभयधर्मी असून ते आम्लात आणि तीव्र अल्कातही विरघळते. हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचे क्रोमियम निघते, पण निकेल टिकून राहते. एखाद्या छिद्रातून आम्ल आत शिरल्यास मुलाम्याआधी मूळ भागच झिजतो. कॉस्टिक सोडा प्लॅस्टिकवरील ॲल्युमिनियमच्या थरासाठी उपयोगी आहे, झामॅकसाठी नव्हे. म्हणून लहान भाग बारीक पॉलिश कागदाने घासणे बरे, जरी त्याने जाळीसारखे नाजूक तपशील बोथट होतात. केवळ रंग द्यायचा असल्यास पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर प्रायमर लावणे पुरेसे असते.